‘मेन्झीज’ की ‘मिंगिस’? एका स्कॉटिश आडनावाचा अर्थ, उच्चार आणि मराठी लेखन

प्रश्न – रानवाट

नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी मी वनस्पतिसंशोधकांविषयी लेख लिहीत आहे. कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या १७९१ ते १७९५ या काळातील सागरी मोहिमेत आर्किबाल्ड नावाचे एक स्कॉटिश शल्यवैद्य निसर्गशास्त्रज्ञ म्हणून सहभागी झाले होते आणि लेखात त्यांना बरीच जागा द्यावी लागणार आहे. अडचण त्यांच्या आडनावाची आहे. इंग्रजीत ते एम, ई, एन, झेड, आय, ई, एस अशा सात अक्षरांनी लिहितात आणि माझ्या मसुद्यात ते सध्या ‘मेन्झीज’ असे आहे. मात्र उद्यानांविषयीच्या एका इंग्रजी ध्वनिमुद्रणात स्कॉटिश निवेदिकेने हेच आडनाव स्पष्टपणे ‘मिंगिस’ असे उच्चारलेले मी ऐकले. त्यात झेडचा मागमूसही नव्हता. दुसरीकडे, ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान सर रॉबर्ट यांचे आडनावही याच सात अक्षरांचे आहे आणि त्यांच्याविषयीच्या चित्रफितींत मला ‘मेन्झीज’च ऐकू येते.

या आडनावाचा मूळ अर्थ काय, त्यातला झेड उच्चारात नाहीसा कसा होतो आणि मराठी लेखात मी नेमके काय लिहावे, हे जाणकारांनी सांगावे. कॅमेरॉन म्हणजे वाकडे नाक आणि कॅम्पबेल म्हणजे वाकडे तोंड, असे गेलिक या स्कॉटलंडमधील जुन्या केल्टिक भाषेतले अर्थ वाचनात आले आहेत. या आडनावालाही तसाच काही शारीरिक वैशिष्ट्य सांगणारा अर्थ आहे का?

उत्तर – जुनी अक्षरे

आपण जो झेड पाहत आहात, तो मुळात झेड नाहीच. तो एका मेलेल्या अक्षराच्या जागी बसवलेला उमेदवार आहे.

मध्ययुगीन इंग्रजी आणि स्कॉट्स (स्कॉटलंडमधील, गेलिकहून वेगळी आणि इंग्रजीला जवळची भाषा) या दोन्ही भाषांच्या लेखनात ‘योख’ नावाचे एक अक्षर होते. ते साधारण आपल्या देवनागरी ३ सारखे दिसे आणि त्याची शेपटी ओळीच्या खाली उतरत असे. शब्दातील जागेप्रमाणे ते कधी ‘य’सारखा, तर कधी घशातून घासत येणाऱ्या ‘ख’सारखा ध्वनी दाखवी. इंग्लंडमध्ये नॉर्मन वळणाच्या लेखनिकांनी हळूहळू त्याची जागा वाय आणि जी-एच या अक्षरांना दिली. आज ‘नाइट’ या इंग्रजी शब्दात जे मुके जी-एच लिहिले जाते, ते तिथूनच आले. स्कॉटलंडमध्ये मात्र हे अक्षर बराच काळ टिकले आणि तिथे त्याला एक खास काम होते. स्कॉट्स भाषेत तालव्य ‘न’ आणि तालव्य ‘ल’ हे ध्वनी होते. पहिला जवळजवळ आपल्या ‘ञ’सारखा, तर दुसरा ‘ल्य’सारखा. हे ध्वनी दाखवण्यासाठी लेखनिक एन किंवा एल या अक्षरापुढे योख काढत. आपल्या आडनावात एनपुढे जे अक्षर आहे ते हेच. म्हणजे जुना लेखनिक ‘मेञिस’च्या जवळपासचे काहीतरी लिहीत होता.

पंधराव्या शतकापर्यंत स्कॉटिश हस्तलिखितांत योख आणि शेपटीचा झेड यांची वळणे इतकी सारखी झाली होती की डोळ्यांना फरक कळेना. त्यातच छपाई आली. वॉल्टर चेपमन आणि अँड्रो मिलर यांना चौथ्या जेम्स राजाने १५०७ मध्ये परवाना दिला आणि १५०८ मध्ये एडिंबरोच्या छापखान्यातून पुस्तके बाहेर पडू लागली. छपाईचे खिळे युरोप खंडातून येत असत आणि त्या संचांत योखचा खिळा नव्हता. जुळाऱ्यांनी मग त्याच्यासारखा दिसणारा खिळा उचलला, आणि तो होता झेडचा. त्या काळच्या स्कॉटिश वाचकाची यात फसगत झाली नाही, कारण शब्द त्याच्या ओळखीचे होते. पण पुढच्या पिढ्या योख विसरल्या, झेड तेवढा कागदावर राहिला आणि अक्षरावरून वाचणाऱ्या परक्यांनी त्याला त्याचा नेहमीचा ध्वनी बहाल केला.

या प्रकाराची उदाहरणे स्कॉटलंडभर विखुरलेली आहेत. एअरशर परगण्यातील समुद्राकाठच्या प्रसिद्ध किल्ल्याच्या नावात झेड लिहितात आणि ‘कलेन’ म्हणतात. तितराच्या कुळातील एका मोठ्या रानपक्ष्याचे नाव पूर्वी झेड घालून लिहीत, पण उच्चार ‘कॅपरकेली’ असाच होता. आता झेडच्या जागी दुसरा एल लिहून तो घोळ मिटवला आहे. स्कॉटिश न्यायालयांत प्रतिवादीला दाव्यातून मुक्त करण्यासाठी जे क्रियापद आजही वापरतात, त्यात झेड लिहिलेला असतो, पण वकील ‘असॉयली’ असेच म्हणतात. सर्वांत ठळक उदाहरण शेटलंड बेटांचे आहे. तिथल्या परगण्याचे अधिकृत नाव १९७५ पर्यंत ‘झेटलंड’ असे छापले जात होते, आणि परगणा गेला तरी तिथल्या टपाल संकेतांकाची सुरुवात अजून झेड-ई या अक्षरांनीच होते.

आता ‘ञ’चा ‘ङ’ कसा झाला, एवढेच राहते. तालव्य अनुनासिक स्कॉट्स बोलींत सगळीकडे टिकला नाही. काही शब्दांत तो ‘न्य’ झाला, तर काहींत मागे सरकून ‘ङ’ झाला. या आडनावात दुसरी गोष्ट घडली. ‘मिंगिस’ असे जे आपण ऐकलेत, त्यात ‘ग’ जवळजवळ नसतोच. जीभ ‘वाङ्मय’ शब्दातल्या ङवर टेकते आणि तिथूनच ‘इस’कडे जाते.

उत्तर – पिंपळपान

‘जुनी अक्षरे’ यांनी झेडचा उलगडा उत्तम केला आहे. मी अर्थाकडे वळतो.

वाकड्या नाकासारखा अर्थ इथे मिळणार नाही, कारण हे आडनाव गेलिक नाही. डोंगराळ भागातील एका जुन्या कुळाचे आडनाव गेलिक नसावे, याचे प्रथम आश्चर्य वाटते. पण स्कॉटलंडच्या इतिहासात ही गोष्ट नेहमीची आहे. बाराव्या शतकात पहिल्या डेव्हिड राजाने, म्हणजे ११२४ ते ११५३ या त्याच्या राज्यकाळात, अनेक नॉर्मन सरदारांना जमिनी देऊन आपल्या राज्यात वसवले. त्या ओघात आणि त्यानंतर आलेली घराणी आपल्या मूळ गावांची नावे बरोबर घेऊन आली. रॉबर्ट द ब्रूस या स्कॉटलंडच्या राष्ट्रपुरुषाचे घराणे नॉर्मंडीतील ब्री या गावाचे आणि सिंक्लेअर हे सेंट क्लेअर या गावाचे. आपल्या प्रश्नातील आडनावही उत्तर फ्रान्समधील रूआँ शहराच्या परिसरातील मेनिएर या गावावरून आले, असे आडनावांचे अभ्यासक मानतात. म्हणजे त्याचा अर्थ सरळसरळ ‘मेनिएरकर’. गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव करण्याची पद्धत आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की मराठी वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज भासू नये. त्या गावाच्या नावाचे मूळही राहणे, वस्ती करणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे असे सांगितले जाते. मोठ्या घराला इंग्रजीत जो ‘मॅन्शन’ शब्द आहे, तोही त्याच धातूचा.

मला स्वतःला यातली पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्याच नॉर्मन नावाची एक शाखा इंग्लंडमध्ये गेली आणि तिथे तिचे ‘मॅनर्स’ झाले. रटलंडच्या ड्यूकांचे आडनाव हेच. स्कॉटलंडमध्ये तेराव्या शतकाच्या मध्यास राजाचा चेंबरलेन, म्हणजे खजिन्याचा आणि महसुलाचा मोठा अधिकारी, असलेल्या सर रॉबर्ट यांचे नाव कागदपत्रांत ‘द मेनर्स’ असे येते. तिथपर्यंत दोन्ही शाखा एकाच उच्चारात होत्या. पुढच्या दोन-तीन शतकांत स्कॉटिश शाखेचा ‘र’ गळाला, ‘न’ तालव्य झाला आणि लेखनिकांनी त्याची डझनभर रूपे नोंदवून ठेवली. एकाच गावाचे नाव दोन देशांत असे वाढले की आज ‘मॅनर्स’ आणि ‘मिंगिस’ ही एकाच मुळाची आडनावे आहेत, हे सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येणार नाही.

या कुळाचे मुख्य ठाणे पर्थशरमध्ये, टे नदीच्या उत्तरेला, ॲबरफेल्डी गावाजवळच्या वीम येथे होते. सोळाव्या शतकात बांधलेला त्यांचा किल्ला तिथे उभा आहे. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईकडे माघार घेत जाताना राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट याने तिथे मुक्काम केला होता. थेट वंश १९१० मध्ये खुंटला, किल्ल्याची पडझड झाली आणि १९५७ मध्ये कुळाच्या मंडळाने तो विकत घेऊन दुरुस्तीला हात घातला. कुळाचे ब्रीदवाक्य जुन्या स्कॉट्स लेखनात आहे. त्याचा उच्चार साधारण ‘विल गॉड आय झाल’ असा होतो आणि अर्थ ‘देवाची इच्छा असेल तर मी करीन’ असा आहे. त्यातही झेड आहे, मात्र त्याचा योखशी संबंध लावण्याचा मोह मी टाळतो.

कुळाचे नाव असलेला प्रत्येक जण त्या नॉर्मन सरदाराचा वंशज नसतो, हेही लेखात एका वाक्यात यावे. डोंगराळ भागात कुळप्रमुखाच्या जमिनीवर राहणारी, त्याच्या आश्रयाने नांदणारी माणसे त्याचेच आडनाव लावू लागत. आपले आर्किबाल्ड १७५४ मध्ये ॲबरफेल्डीजवळच जन्मले, म्हणजे ते अगदी कुळाच्या मुलखातले. तेव्हा त्यांच्या बाबतीत ‘मिंगिस’ हाच उच्चार धरणे मला सयुक्तिक वाटते.

उत्तर – टेकाठ

मी पर्थशरमध्ये राहते, त्यामुळे पुस्तकात नसलेली थोडी माहिती देऊ शकेन.

इथे हा उच्चार केवळ इतिहास म्हणून जपलेला नाही. ॲबरफेल्डीच्या औषधांच्या दुकानात मी रांगेत उभी असताना काउंटरमागच्या मुलीने ‘मिसेस मिंगिस’ अशी हाक मारली आणि माझ्या पुढच्या वृद्ध बाई पुढे झाल्या. त्यांच्या हातात दिलेल्या कागदी पिशवीवरच्या चिठ्ठीत ठळक झेड छापलेला होता. हाक मारणाऱ्या मुलीला अडखळावे लागले नाही आणि बाईंनाही त्यात काही विशेष वाटले नाही. याउलट टेलिफोनवरून विमा विकणारा कोणी झेड उच्चारला की हा माणूस बाहेरचा, हे इथे पहिल्याच शब्दात ओळखतात.

तरीही सगळ्या स्कॉटलंडमध्ये एकच उच्चार आहे असे समजू नका. शहरांत, विशेषतः तरुणांत, झेडचा उच्चार सर्रास ऐकू येतो. त्याला एक कारण दुकानांच्या पाट्यांचेही असावे असे मला वाटते. जॉन हे पहिले नाव असलेल्या याच आडनावाच्या गृहस्थांनी १८३३ मध्ये एडिंबरोच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर पुस्तकांचे दुकान काढले, पुढे रेल्वे स्थानकांवर त्यांचे बुकस्टॉल झाले आणि १९९८ मध्ये किरकोळ विक्रीचा व्यवसाय विकला जाईपर्यंत त्यांच्या नावाची पाटी गावोगावच्या बाजारपेठेत होती. पाटी वाचून नाव शिकलेल्या मुलांनी झेड उच्चारला तर त्यांना दोष कसा द्यावा? त्याच कंपनीची विमानतळांवर सामान हाताळणारी शाखा पुढे वाढली. बेंगळुरूच्या विमानतळावरून माल पाठवणाऱ्या मराठी व्यापाऱ्यांनी मालाच्या टर्मिनलवर हे आडनाव पाहिले असेल.

काही माणसे मात्र या उच्चारासह सार्वजनिक जीवनात वावरली. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे २००६ ते २००७ या काळातील नेते, जे तरुणपणी १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये धावले होते, त्यांचे हे आडनाव नसून नाव होते आणि आडनाव कॅम्पबेल. ब्रिटिश वृत्तनिवेदक त्यांना ‘मिंगिस कॅम्पबेल’ म्हणत आणि वर्तमानपत्रे सरळ ‘मिंग’ असे छापत. आडनाव नाव म्हणून देण्याची ही रीत स्कॉटलंडमध्ये जुनी आहे. आईचे माहेरचे आडनाव मुलाच्या नावात मधोमध ठेवले जाते आणि काही वेळा पुढे तेच हाक मारण्याचे नाव होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या परदेशी गुप्तहेर खात्याचे प्रमुख असलेले सर स्टुअर्ट यांचेही हेच आडनाव आणि त्यांचाही उच्चार ‘मिंगिस’.

ऑस्ट्रेलियात काय झाले, हा प्रश्न वेगळा आहे. सर रॉबर्ट यांचे आजोबा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, सोन्याच्या खाणींच्या धामधुमीत, स्कॉटलंडहून व्हिक्टोरियात गेले. रॉबर्ट १८९४ मध्ये जेपरिट या छोट्या गावात जन्मले आणि १९३९ ते १९४१ व १९४९ ते १९६६ असे दोनदा पंतप्रधान झाले. त्या देशात त्यांचे आडनाव झेडनेच उच्चारले गेले आणि आजही मेलबर्नमधील त्यांच्या नावाच्या संसदीय मतदारसंघाचा उच्चार तसाच होतो. पण त्यांच्या टोपणनावात जुना उच्चार शाबूत राहिला, कारण त्यांनाही लोक ‘मिंग’ म्हणत. पंतप्रधान एकादशचा क्रिकेट सामना कॅनबेराच्या मनुका ओव्हलवर १९५१ मध्ये त्यांनीच सुरू केला. भारतीय संघ त्या मैदानावर असा सामना खेळतो तेव्हा मराठी वर्तमानपत्रांतही त्याची बातमी येते.

उत्तर – मुद्रितशोधक

वरील माहिती मोलाची आहे, पण लेखिकेच्या प्रत्यक्ष अडचणीबाबत माझे मत वेगळे आहे. मराठी वाचक या व्यक्तींविषयी अधिक वाचू इच्छील तेव्हा तो इंग्रजी अक्षरांनीच शोध घेणार. ‘मिंगिस’ हे रूप वाचून त्याला मूळ अक्षरे सुचणे शक्य नाही. शिवाय एकाच लेखात वनस्पतिशास्त्रज्ञ ‘मिंगिस’ आणि पंतप्रधान ‘मेन्झीज’ झाले, तर ही दोन वेगळी आडनावे आहेत असा समज होईल. लेखनातील एकवाक्यता ही वाचकाची सोय असते आणि संपादनात आम्ही ती सर्वांत आधी पाहतो. म्हणून सर्वत्र ‘मेन्झीज’ ठेवावे आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी स्कॉटिश उच्चाराची एक ओळ द्यावी, असे मी सुचवेन.

‘मेन्झीज’ हे रूपही निर्दोष नाही, हे मात्र मान्य करावे लागेल. मराठीत ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लेखनात आपण ते वेगळे दाखवत नाही. ‘जग’मधला ज वेगळा आणि ‘जसा’मधला वेगळा. ईकारापुढे झ आला की मराठी जीभ आपोआप तालव्य उच्चार करते, त्यामुळे ‘झी’ वाचताना इंग्रजी झेड नेमका उमटत नाही.

उत्तर – जुनी अक्षरे

‘मुद्रितशोधक’ यांचा एकवाक्यतेचा आग्रह मी समजू शकतो, तरीही या ठिकाणी तो आग्रह मला मान्य नाही, आणि त्याचे कारण आपल्याच इतिहासात आहे.

शिंदे हे आडनाव इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या कानाला जसे वाटले तसे लिहिले, पुढे त्या लेखनात एस-सी अशी अक्षरे स्थिर झाली आणि त्या अक्षरांवरून वाचताना ग्वाल्हेरचे शिंदे हिंदीत ‘सिंधिया’ झाले. टिळकांच्या ळला रोमन लिपीत जागा नव्हती, म्हणून देशाच्या मोठ्या भागात लोकमान्य ‘तिलक’ राहिले. अक्षरांवरून आडनाव वाचले की काय होते, हे आपण इतके सोसलेले असताना दुसऱ्याच्या आडनावाबाबत आपणही तेच करावे, हे मला पटत नाही. देवनागरीत परकी नावे लिहिताना आपण उच्चाराला प्रमाण मानतो. आपण ‘रूसो’ लिहितो, त्यातली मुकी फ्रेंच अक्षरे लिहीत नाही. एडिंबरोही आपण तसेच लिहितो. मग हा एकच झेड आपल्याला का सोडवत नाही?

एक आडनाव आणि दोन उच्चार ही वस्तुस्थिती आहे, तेव्हा लेखात दोन रूपे येणे हे वस्तुस्थितीचेच चित्र ठरेल. आडनाव ज्याचे, उच्चार त्याचा. आर्किबाल्ड आणि स्टुअर्ट हे ‘मिंगिस’, रॉबर्ट हे ‘मेन्झीज’. वाचकाचा समज चुकू नये म्हणून पहिल्या उल्लेखातच ही एकाच आडनावाची दोन रूपे असल्याचे सांगावे, आणि पुस्तक असेल तर सूचीत ‘मेन्झीज : मिंगिस पहा’ अशी नोंद द्यावी. शोध घेणाऱ्या वाचकासाठी आपण प्रश्नात दिलीत तशी इंग्रजी अक्षरे एकदा क्रमाने लिहिली की काम भागते.

स्कॉटिश लोकांनीही हा पेच दोन रीतींनी सोडवला आहे. योखचीच शिकार झालेले दुसरे एक आडनाव आहे, त्याचा उच्चार ‘डी-एल’ असा होतो. काही घराण्यांनी त्यात झेड राखला, तर काहींनी योखच्या जागी वाय लिहून मूळ ध्वनीशी इमान राखले. वेस्ट लोदियनचा प्रश्न म्हणून गाजलेला घटनात्मक मुद्दा १९७७ मध्ये ब्रिटिश संसदेत मांडणारे टॅम हे वाय लिहिणाऱ्या घराण्यातले होते. उलट मॅकेन्झी या आडनावात झेड पूर्णपणे जिंकला. गेलिकमध्ये ते ‘कॉयन्यखचा मुलगा’ अशा अर्थाचे आहे, त्यात झेडसारखा ध्वनी कुठेच नाही आणि जुन्या स्कॉट्स उच्चारात ते ‘मकिंगी’च्या जवळ होते. तरीही आज स्वतः मॅकेन्झी मंडळीच झेड उच्चारतात. त्यामुळे १८१५ मध्ये भारताचे पहिले सर्व्हेअर जनरल झालेल्या, लुइस बेटावरील कॉलिन यांना मी ‘मॅकेन्झी’च लिहीन. व्युत्पत्ती शोधून आडनाव दुरुस्त करत बसणे हे आपले काम नाही.

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. अर्थाबाबत ‘मेनिएरकर’ हे उत्तर मला लेखात तसेच्या तसे वापरायला आवडेल. ‘मुद्रितशोधक’ यांची काळजी रास्त आहे, तरीही लेख आर्किबाल्ड यांच्याविषयी असल्यामुळे मी ‘मिंगिस’ स्वीकारते आणि पंतप्रधानांचा उल्लेख टिपेत ‘मेन्झीज’ असा करते. दोन बारकावे शिल्लक आहेत. ङ वापरून ‘मिङिस’ लिहिणे अधिक अचूक नाही का? आणि त्यांच्या नावावरून ठेवलेल्या वनस्पतींच्या लॅटिन नावांचे काय करावे? तिथेही झेड आहेच.

उत्तर – पिंपळपान

‘मिङिस’ ध्वनीच्या दृष्टीने अधिक अचूक आहे, यात शंका नाही. देवनागरीजवळ या ध्वनीसाठी स्वतंत्र अक्षर आहे, ही सोय इंग्रजीलाही नाही. पण मराठीत ङला स्वर जोडून लिहिण्याची सवय उरलेली नाही. ‘वाङ्मय’सारख्या मोजक्या शब्दांत तो जोडाक्षरात भेटतो, इतर ठिकाणी अनुस्वारच त्याचे काम करतो. ‘मिङिस’ पाहून अनेक वाचक त्याला ड समजून ‘मिडिस’ वाचतील, आणि एका अक्षराच्या गैरसमजातून निघालेले आडनाव दुसऱ्या अक्षराच्या गैरसमजात अडकेल. ‘मिंगिस’ लिहा. ‘ग’ हलका आहे, हे एकदा कंसात सांगितले तरी पुरे.

सामान्यरूपाची अडचण येईल, तीही आताच सांगतो. शेवटचा ‘स’ इंग्रजी अनेकवचनाचा नाही. तो आडनावाचाच भाग आहे, म्हणून एका व्यक्तीसाठी तो गाळून ‘मिंगी’ असे एकवचन करू नये. इंग्रजीत अनेकवचन करताना त्यापुढे आणखी ई-एस लावतात. मराठीत ‘मिंगिस घराणे’, ‘मिंगिस यांनी’ असे लिहिले की प्रश्नच उद्भवत नाही.

लॅटिन नावे मात्र हात न लावता ठेवावीत. वनस्पतींची शास्त्रीय नावे अक्षरांवर चालतात आणि जगभरचे अभ्यासक ती आपापल्या सवयीने वाचतात, म्हणून तिथे ‘मेन्झिएसिआय’ लिहिणे योग्य. शेवटचे दोन आय हे लॅटिन षष्ठीचे, म्हणजे ‘मिंगिस यांचा’. लेखासाठी डग्लस फर हा वृक्ष विसरू नका. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा अवाढव्य सूचिपर्णी वृक्ष मिंगिस यांनी त्या मोहिमेत नोंदवला, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात ‘मेन्झिएसिआय’ आहे. पण त्याचे बी १८२० च्या दशकात ब्रिटनला पाठवले ते डेव्हिड डग्लस यांनी, म्हणून व्यवहारात तो डग्लस यांच्या नावाने ओळखला जातो. डग्लसही पर्थशरचेच, स्कोन गावचे. त्यांच्या आडनावाचा गेलिकमधील अर्थ ‘काळे पाणी’ असा आहे आणि तेही मुळात एका नदीचे व स्थळाचे नाव. एकाच वृक्षावर एका जिल्ह्यातील दोन माणसांची आडनावे बसली आहेत, एक गेलिक आणि एक नॉर्मन.

चिलीमध्ये जेवणाच्या मेजावर मांडलेल्या बियांपैकी काही खिशात टाकून त्यांची रोपे मिंगिस यांनी परतीच्या जहाजावर वाढवली आणि १७९५ मध्ये मंकी पझल हा वृक्ष इंग्लंडात आणला, अशी जी हकीकत सांगतात, ती आपल्या लेखात येणारच असेल. त्या परिच्छेदात आडनाव वारंवार येईल, तेव्हा स्कॉटिश उच्चाराचा खुलासा त्याच्या आधीच उरकून घ्यावा.